निरोप आणि पत्ता

१५ एप्रिल १९६० हा गुड फ्रायडेचा दिवस. केंब्रिजमधल्या प्रयोगशाळा बंद होत्या, म्हणून किंग्ज कॉलेजातल्या सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत काही शास्त्रज्ञ गप्पांसाठी जमले. फ्रान्सिस क्रिक होते, आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलेले फ्रान्स्वा जाकोब होते. जाकोब आपल्याकडच्या जिवाणूंवरील प्रयोगांची हकीकत सांगत होते. जिवाणूत नवे जनुक शिरले की काही मिनिटांत त्याचे प्रथिन तयार व्हायला लागते, आणि जनुक नष्ट केले की प्रथिन बनणेही लगेच थांबते. प्रथिने जिथे बनतात ते रायबोझोम तर टिकाऊ असतात, हे तोवर ठाऊक होते. मग जनुक गेल्याबरोबर काम का थांबावे? ऐकता ऐकता ब्रेनर आणि क्रिक यांना एकदम उलगडा झाला, की जनुक आणि रायबोझोम यांच्यामध्ये कोणीतरी अल्पायुषी निरोप्या असला पाहिजे. तो निरोप आणतो, निरोप वाचला जातो आणि निरोप्या विरून जातो. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रेनर आणि जाकोब कॅलिफोर्नियात मॅथ्यू मेसेलसन यांच्याकडे गेले. प्रयोग पुन्हा पुन्हा फसत होता, कारण तो करताना रायबोझोमच फुटून जात. समुद्रकिनाऱ्यावर बसलेले असताना ब्रेनर यांच्या डोक्यात आले की मॅग्नेशियम कमी पडते आहे. ते वाढवले आणि प्रयोग जुळला. मे १९६१ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला, आणि त्या निरोप्याला मेसेंजर आरएनए, म्हणजेच एमआरएनए, हे नाव रूढ झाले.

या जन्मकथेतच एमआरएनएचे दोन गुण दिसतात. तो फार काळ टिकत नाही, हा एक. रायबोझोम त्याच्याकडे आलेला कोणताही निरोप वाचतो, हा दुसरा. यंत्र तेच राहते, निरोप बदलला की माल बदलतो. पहिल्या गुणामुळे तीस-चाळीस वर्षे बहुतेकांनी एमआरएनएला औषध मानायला नकार दिला, आणि दुसऱ्या गुणामुळे थोडेजण त्याला चिकटून राहिले. २०२० नंतर लोकांना हे तंत्र लशीमुळे माहीत झाले, म्हणून त्याच्या भवितव्याचा विचारही आपण लशीपासूनच सुरू करतो. आता फ्लूची लस येईल, मग एचआयव्हीची, मग कर्करोगाची, असा हिशेब मांडतो. माझ्या मते हा हिशेब इतिहासाला धरून नाही. या तंत्रासाठी झटलेल्यांपैकी अनेकांच्या मनात सुरुवातीपासून औषध होते. लस हा त्या वाटेवरचा सर्वांत सोपा मुक्काम होता, म्हणून तो आधी गाठला गेला. निरोप लिहिण्याची कला आता बरीचशी साधली आहे. तो शरीरात कोणत्या पत्त्यावर पोचवता येतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

निरोपाला पाकीट लागते, ही जाण तशी जुनी. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवले, की पेशीच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ पाण्यात घातले की त्यांचे आपोआप बारीक, पोकळ गोळे बनतात. १९७८ मध्ये अशा गोळ्यांत सशाच्या रक्तातला एमआरएनए भरून तो परक्या पेशींत सोडण्यात आला, आणि त्या पेशींनी सशाचे प्रथिन बनवले. तोवर एमआरएनए जिवंत पेशींतूनच काढून घ्यावा लागे. १९८४ मध्ये हार्वर्डमधल्या डग्लस मेल्टन, पॉल क्रीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूचे विकर वापरून तो परीक्षानळीत हवा तसा बनवण्याची रीत बसवली. १९८९ मध्ये रॉबर्ट मलोन, फिलिप फेल्गनर आणि इंदर वर्मा यांनी धन विद्युतभार असलेल्या स्निग्ध पदार्थांच्या साहाय्याने एमआरएनए पेशींत घालून दाखवला. पुढल्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉन वुल्फ यांच्या गटाने कसलेही पाकीट न वापरता नुसता एमआरएनए उंदराच्या स्नायूत टोचला, आणि स्नायूने त्याबरहुकूम प्रथिन तयार केले. १९९२ चा एक प्रयोग मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जन्मतःच बनवू न शकणाऱ्या आणि त्यामुळे सतत पाणी पिणाऱ्या, सतत लघवी करणाऱ्या उंदरांच्या एका जातीवर तो झाला. व्हॅसोप्रेसिनचा एमआरएनए टोचल्यावर त्या उंदरांचा आजार काही दिवस मागे हटला. लशीशी याचा काही संबंध नव्हता. जे प्रथिन शरीराला बनवता येत नाही, त्याची पाककृती देऊन ते शरीराकडूनच बनवून घ्यायचे, हे औषधाचे स्वप्न होते. मात्र त्या प्रयोगात एमआरएनए थेट मेंदूच्या एका ठरावीक भागात सुई घालून सोडावा लागला होता. पत्ता सापडला होता, पण तिथे निरोप हाताने नेऊन द्यावा लागत होता. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने फ्लूच्या विषाणूचा एमआरएनए उंदरांना देऊन प्रतिकारशक्ती जागवली, तेव्हा लशीची वाटही दिसली. पण तिकडे फार कोणी फिरकले नाही.

कातालिन कारिको यांची कहाणी २०२३ च्या नोबेलनंतर घरोघरी पोचली आहे. कीसुयसालाश या हंगेरीतल्या लहानशा गावातले बालपण, सेगेदची संशोधन संस्था, १९८५ मध्ये नवरा आणि लहान मुलीसह अमेरिकेला प्रयाण, मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेलेले पैसे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अनुदानाचे अर्ज नाकारले जाणे आणि १९९५ मधली पदावनती. ही कहाणी सहसा चिकाटीची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण आपल्या मुद्द्यासाठी त्यातली दुसरी गोष्ट पाहायला हवी. कारिको लस बनवत नव्हत्या. हृदयविकारतज्ज्ञ इलियट बार्नेथन यांच्यासोबत त्या रक्तवाहिन्यांच्या पेशींकडून उपयोगी प्रथिने बनवून घेण्याचा प्रयत्न करत होत्या, आणि पुढे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचा विचार करू लागल्या. म्हणून त्यांना मोठी अडचण वाटत होती ती दाहाची. बाहेरून आलेला आरएनए म्हणजे विषाणू आला, असे समजून शरीर पेटून उठे. लस करणाऱ्याला थोडी आग चालते, कधी हवीही असते. पण आजारी मेंदूला किंवा हृदयाला उपचार म्हणून प्रथिन द्यायचे असेल, तर ती आग घातक.

१९९७ मध्ये ड्र्यू वाइसमन त्याच विद्यापीठात आले. त्यांना एचआयव्हीवर लस करायची होती. दोघांची ओळख झाली ती झेरॉक्सच्या यंत्रापाशी. वाइसमन यांच्या प्रयोगशाळेतल्या पेशींना कारिकोंचा एमआरएनए दिला, तर त्या दाहाची रसायने सोडू लागल्या. पण सस्तन प्राण्यांच्या पेशींतून काढलेला ट्रान्सफर आरएनए दिला, तर त्या शांत राहिल्या. फरक कसला, तर नैसर्गिक आरएनएच्या अक्षरांवर पेशीने जागोजाग बारीक रासायनिक खुणा केलेल्या असतात, आणि परीक्षानळीतला आरएनए कोरा असतो. या धाग्यावरून दोघांनी युरिडीन या अक्षराच्या जागी स्यूडोयुरिडीन घालून पाहिले, आणि आग विझली. हा निबंध २००५ मध्ये 'इम्युनिटी' या नियतकालिकात आला. तीन वर्षांनी आणखी कळले, की असा बदललेला निरोप रायबोझोम जास्त वेळा वाचतो आणि प्रथिनही जास्त बनते. औषधासाठी केलेला हा शोध पुढे लशीच्या कामी आला. किती आला, ते २०२१ मध्ये दिसले. त्याकडे पुढे येतोच.

या टप्प्यावर निरोप सुबक झाला, पण पाकीट अजून कच्चे होते. ते व्हँकुव्हरमध्ये घडले, आणि तेही वेगळ्याच कारणासाठी. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या पीटर कलिस यांच्या परंपरेतल्या संशोधकांनी आरएनए वाहून नेणारे अतिसूक्ष्म स्निग्ध कण तयार केले. त्यातला मुख्य पदार्थ हुशारीने निवडलेला होता. आम्ल द्रावणात तो धनभारित होऊन ऋणभारित आरएनएला धरून ठेवतो. रक्तात तो भार सोडून देतो, म्हणून विषारी ठरत नाही. आणि पेशीने गिळल्यावर आतल्या आम्लधर्मी पिशवीत तो पुन्हा भारित होतो आणि पिशवी फोडायला मदत करतो. हे कण आधी वापरले गेले ते जनुकाचा आवाज बंद करणाऱ्या आखूड आरएनएसाठी. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले पॅटिसिरान हे औषध यकृतात बनणाऱ्या एका बिघडलेल्या प्रथिनाला आवर घालते. ते यकृतासाठीच का बनले, यात या लेखाचा गाभा आहे. हे कण शिरेतून दिले की रक्तातले अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन त्यांना चिकटते, आणि कोलेस्टेरॉलचे कण समजून यकृत त्यांना ओढून घेते. यकृताचा पत्ता कोणी शोधून काढला नव्हता. निसर्गानेच तो पाकिटावर लिहून दिला. आणि तिथेही पाकीट क्वचितच फुटते. पेशीने गिळलेल्या आखूड आरएनएपैकी जेमतेम एक-दोन टक्केच त्या पिशवीतून सुटून कामाच्या जागी पोचतो, असे २०१३ मध्ये मोजले गेले.

आता कंपन्यांची वाटचाल पाहू, कारण पैसा कुठून कुठे वळला त्यातूनही माझा मुद्दा सिद्ध होतो. ट्युबिंगनमध्ये २००० साली क्युरव्हॅक निघाली. माइन्झमध्ये २००८ साली उगुर शाहिन, ओझलेम तुरेची आणि क्रिस्टोफ ह्युबर यांनी बायोएनटेक काढली ती कर्करोगासाठी. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१० साली मॉडर्ना निघाली, आणि तिची पहिली मोठी स्वप्ने दुर्मीळ आनुवंशिक रोगांच्या औषधांची होती. अलेक्सिऑन या कंपनीशी २०१४ मध्ये तिने १० कोटी डॉलरचा करार केला. त्यातला एक प्रकल्प क्रिग्लर-नज्जर या यकृताच्या दुर्मीळ विकारासाठी होता. पण तो सुरक्षितपणे माणसांपर्यंत नेता आला नाही आणि २०१७ मध्ये अलेक्सिऑनने माघार घेतली. उपचाराचे औषध आयुष्यभर, दर काही आठवड्यांनी, मोठ्या मात्रेत द्यावे लागते. स्निग्ध कणांची मात्रा वाढली की त्यांचा त्रासही वाढतो. लशीला मात्रा थोडी पुरते, एक-दोन वेळा टोचले की झाले, आणि दंडाच्या स्नायूत दिलेला कण जवळच्या लसिका ग्रंथीत आपोआप जातो, जिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी वाटच पाहत असतात. थोडा दाह झाला तरी तो प्रतिकारशक्तीला इशारा म्हणून उपयोगी पडतो. प्रथिन थोडे बनले तरी शरीर स्वतःच त्याची आठवण शतपटीने वाढवते. एमआरएनएच्या जवळजवळ प्रत्येक उणिवेला लस माफ करते. म्हणून मॉडर्नाचा भर साथीच्या रोगांच्या लशींकडे वळला. तेव्हा ती माघार वाटली, पण तिच्यामुळेच २०२० मध्ये कंपनी सज्ज होती.

२०२० चा जानेवारी. चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची जनुकीय मांडणी १०-११ तारखेच्या सुमारास खुली केली. १३ तारखेला मॉडर्ना आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लशीचा मजकूर ठरवला, आणि ६३ दिवसांनी, १६ मार्चला, सिॲटलमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला ती टोचली गेली. हा वेग पाहून अनेकांना वाटले की घाईघाईने काहीतरी उरकले गेले. पण त्या ६३ दिवसांमागे बार्नी ग्रॅहम, किझमेकिया कॉर्बेट आणि जेसन मॅक्लेलन यांची कित्येक वर्षे होती. याच कुळातल्या मर्सच्या विषाणूवर काम करताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच दाखवले होते, की काटेरी प्रथिनात दोन जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल घातले की ते मूळ आकारात गोठून राहते आणि प्रतिपिंडे नेमकी बनतात. म्हणजे निरोपात काय लिहायचे, हे आधीच ठरले होते. वर्षअखेरीस हजारो स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत फायझर-बायोएनटेकची लस ९५ टक्के आणि मॉडर्नाची ९४.१ टक्के परिणामकारक ठरली. ८ डिसेंबरला कॉव्हेंट्री इथे नव्वदीच्या एका आजींना चाचणीबाहेरची पहिली फायझर लस मिळाली. क्युरव्हॅकने मात्र कोरा, न बदललेला एमआरएनए वापरला होता. तिच्या सुमारे ४० हजार लोकांच्या चाचणीचा निकाल जून २०२१ मध्ये आला तो ४८ टक्क्यांच्या आसपास. तिच्या चाचणीच्या काळात विषाणूचे नवे प्रकार पसरले होते, हे खरे. पण मात्रा १२ मायक्रोग्रॅमवरच ठेवावी लागली होती, कारण कोऱ्या आरएनएचा त्रास जास्त होतो. फायझरची मात्रा ३०, मॉडर्नाची १००. एवढी मात्रा शरीराला सोसवली, यात कारिको-वाइसमन यांच्या त्या बदललेल्या अक्षराचा मोठा वाटा होता.

कोविडनंतरचे निकाल पत्त्यांच्या क्रमाने लावून पाहिले, तर चित्र बरेच स्पष्ट होते. जिथे पत्ता निसर्गानेच दिला आहे ते यकृत आधी घेऊ. प्रोपिऑनिक अ‍ॅसिडिमिया या दुर्मीळ विकारात यकृताचे एक विकर जन्मतः बिघडलेले असते आणि मुलांना वरचेवर जिवावर बेतणारे झटके येतात. मॉडर्नाने त्या विकराचा एमआरएनए १६ रुग्णांना दिल्याचा अहवाल २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. उपचारापूर्वीच्या वर्षात झटके आलेल्या ८ जणांत त्यांचा धोका ७० टक्क्यांनी घटला होता. मात्रा होती किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपासून वर, दर दोन-तीन आठवड्यांनी. २० किलोच्या मुलाला हे एका वेळी निदान ६ मिलिग्रॅम झाले, म्हणजे फायझरच्या लशीच्या २०० पट. अलेक्सिऑनच्या वेळी जे जमले नाही ते आता जमू लागले, कारण स्निग्ध कण सुधारले. त्याहून पुढची पायरी म्हणजे जनुक दुरुस्त करणारे विकरच एमआरएनएच्या रूपात पाठवणे. पॅटिसिरान ज्या रोगावर चालते, त्याच रोगाच्या सहा रुग्णांवरचा असा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वरच्या मात्रेत घातक प्रथिनाचे रक्तातले प्रमाण सरासरी ८७ टक्क्यांनी उतरले. आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियात रिबेका आरेन्स-निक्लास आणि किरण मुसुनुरु यांच्या गटाने एका तान्ह्या बाळाच्या जनुकातले एकच चुकलेले अक्षर दुरुस्त केले. बाळाचे यकृत अमोनिया निकामी करू शकत नव्हते. त्या एकट्या बाळासाठी सहा महिन्यांत औषध तयार झाले. ते एकदा देऊन पुरले नाही तरी हरकत नव्हती, पुन्हा देता आले. विषाणूच्या पाकिटातून दिलेल्या जनुकोपचारात हे सहसा होत नाही, कारण शरीर त्या विषाणूला ओळखून अडवते.

दुसरा पत्ता प्लीहेचा, आणि तो शोधून काढावा लागला. २०१६ मध्ये बायोएनटेकच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की आरएनए आणि स्निग्ध पदार्थ यांचे प्रमाण बदलून कणावर किंचित ऋणभार ठेवला की तो शिरेतून प्लीहेत जातो, जिथे प्रतिकारशक्तीला धडे देणाऱ्या पेशी दाटीने राहतात. एवढ्या साध्या फेरबदलाने पत्ता बदलला, हे मला या इतिहासातले सर्वांत आशादायक पान वाटते. याच आधारावर स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची वैयक्तिक लस उभी राहिली. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले बदल वाचून त्यांतल्या जास्तीत जास्त २० खुणांचा निरोप लिहायचा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांनी शस्त्रक्रियेनंतर १६ रुग्णांना ती दिली. आठजणांच्या शरीराने प्रतिसाद दिला, आठांच्या नाही. साधारण तीन वर्षांनंतर प्रतिसाद देणाऱ्यांपैकी दोघांत आणि न देणाऱ्यांपैकी सातजणांत रोग उलटला होता. इथे वापरलेला एमआरएनए मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. जी आग कारिकोंना विझवायची होती, तीच कर्करोगाविरुद्ध पेटती ठेवायची असते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरच्या मॉडर्ना-मर्कच्या लशीत ३४ पर्यंत खुणा असतात, आणि १५७ रुग्णांच्या चाचणीत तिने नेहमीच्या प्रतिकारशक्तीच्या औषधाला जोड दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे लहान चाचण्यांचे आहेत. स्वादुपिंडाच्या त्या १६ जणांत प्रतिसाद देणारे मुळातच जास्त सुदृढ असतील, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्त आहे. तिचे उत्तर चालू असलेल्या मोठ्या, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेल्या चाचण्याच देतील.

आणि जिथे पत्ता अजून सापडलेला नाही, तिथले निकाल निराशेचे आहेत. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या विकारासाठी नाकातोंडावाटे ओढायचा एमआरएनए तयार झाला होता. २०२१ मध्ये त्याने श्वासाच्या क्षमतेत फरक पडला नाही असे आढळले, कारण फुप्फुसातल्या चिकट कफाच्या थरातून आत जाणे कठीण. हृदयाच्या स्नायूत रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या एमआरएनएचे प्रयोगही बायपासच्या वेळी थेट स्नायूत सुई घालून झाले, १९९२ च्या उंदरांसारखेच. आशा आहे ती टेक्ससमध्ये २०२० मध्ये झालेल्या कामाची. कणात एक जादा स्निग्ध पदार्थ घालून त्याचा भार बदलला, तर उंदरांत तो फुप्फुस, प्लीहा किंवा यकृत यांपैकी हव्या त्या अवयवाकडे वळवता येतो. शिवाय २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात उंदरांच्या टी पेशींचा पत्ता प्रतिपिंड जोडून गाठला गेला, आणि शरीराबाहेर न काढता त्या पेशींना नव्या कामाला लावता आले. आज कर्करोगावर जे कार-टी उपचार प्रयोगशाळेत पेशी नेऊन, आठवडे खर्चून होतात, ते एका सुईत होण्याची ही वाट आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पत्त्यावर एवढा भर देऊन मी निरोपाच्या अडचणी लपवतो आहे. तो काही अंशी बरोबर आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात मॉडर्नाची सायटोमेगॅलोव्हायरसवरची लस मोठ्या चाचणीत पडली. या विषाणूमुळे गर्भातल्या बाळांना बहिरेपण येऊ शकते. लस योग्य ठिकाणी पोचत होती, निरोपच पुरेसा नव्हता. कोविडच्या वेळी आधीच्या वर्षांच्या अभ्यासाने नेमके लक्ष्य हाती दिले होते, तसे इथे नव्हते. एचआयव्हीच्या बाबतीतही हेच. म्हणून संसर्गजन्य रोगांवरच्या लशींचे भविष्य त्या त्या रोगाच्या जुन्या, चिकाटीच्या अभ्यासावर अवलंबून आहे आणि एमआरएनए तो अभ्यास कमी करू शकत नाही. त्याने वाचतो तो अभ्यास झाल्यानंतरचा वेळ.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. कोविडच्या एमआरएनए लशींनंतर तरुण मुलग्यांत हृदयस्नायूची सूज आढळली. इस्रायलमधल्या पाहणीत १६ ते १९ वयाच्या मुलग्यांत दुसऱ्या मात्रेनंतर सुमारे ६,६०० मध्ये एक असे तिचे प्रमाण होते, बहुतेक प्रकरणे सौम्य. २०२३ मध्ये 'नेचर'मधल्या एका निबंधाने दाखवले, की बदललेल्या अक्षरामुळे रायबोझोम कधी कधी एक घर चुकून वाचतो आणि थोडे भलतेच प्रथिन बनते. त्यातून अपाय झाल्याचे दिसले नाही, आणि निरोपातली अक्षरे नीट निवडून ही चूक कमी करता येते. आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूवरच्या, तान्ह्या बाळांसाठीच्या लशीची चाचणी २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्या काही बाळांना तोच आजार अधिक तीव्र झाला. जनुक-दुरुस्तीच्या वर सांगितलेल्या औषधाच्या मोठ्या चाचण्याही २०२५ मध्ये एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर थांबवल्या गेल्या. लशीतला एमआरएनए केंद्रकात जात नाही आणि जनुकाला हात लावत नाही, हे लोकांना सांगितले गेले ते बरोबरच होते. पण जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचारांना ते वाक्य लागू नाही, तिथे जनुक बदलणे हाच हेतू असतो. दोन्हींना एकाच तागडीत तोलले, तर लशीची भीती उगाच वाढेल आणि उपचारांची सावधगिरी उगाच कमी होईल.

तिसरा आक्षेप भारतीय वाचकाच्या मनात सहज येईल. १६ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे लसीकरण सुरू झाले, आणि त्यातल्या बहुतांश मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्डच्या होत्या, म्हणजे एमआरएनएविना. उणे ७० अंशांत ठेवायची लस खेड्यांना काय कामाची, असा प्रश्न तेव्हा योग्यच होता. त्याला एक उत्तर पुण्यातूनच आले. हिंजवडीच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने तयार केलेल्या देशातल्या पहिल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. ती सुकवून पूड केलेली होती, २ ते ८ अंशांत म्हणजे साध्या फ्रीजमध्ये राहणारी, आणि तिच्यातला आरएनए पेशीत जाऊन स्वतःच्या प्रती काढणारा असल्याने थोड्या मात्रेत भागणारी. जून २०२३ मध्ये ओमिक्रॉनसाठीची तिची पुढची आवृत्ती सुईशिवाय त्वचेत देता येणारी होती. तोवर साथ ओसरली होती आणि लस घेणारे थोडे उरले होते. पण पत्ता म्हणजे केवळ यकृत किंवा प्लीहा नव्हे. लस गडचिरोलीच्या उपकेंद्रापर्यंत बिघडल्याविना पोचणे हाही पत्ताच, आणि तो सोडवण्याचे काम पुण्यात झाले. केप टाउनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने अफ्रिजेन या कंपनीने २०२२ मध्ये मॉडर्नाची लस तिच्या मदतीविना पुन्हा बनवून दाखवली, आणि ते ज्ञान घेणाऱ्यांत हैदराबादची बायोलॉजिकल ई निवडली गेली. प्रत्येक रुग्णासाठी वेगळे औषध बनवण्याचा खर्च आज भारतातल्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे, हे मान्य करायलाच हवे. पण बनवण्याची रीत सर्व रोगांना एकच असल्याने, तो खर्च रसायनापेक्षा परवानग्यांत आणि तपासण्यांत जास्त अडकतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २२ एमआरएनए प्रकल्पांचे सुमारे ५० कोटी डॉलर काढून घेतले. श्वसनाच्या विषाणूंपासून या लशी नीट संरक्षण देत नाहीत, असे कारण दिले गेले. संसर्गच होऊ न देण्यापुरते बोलायचे तर दंडात टोचलेल्या इतर लशीही तिथे कमीच पडल्या. तीव्र आजार आणि मृत्यू टाळण्याचे काम मात्र एमआरएनएने चोख केले, आणि ते त्या कारणमीमांसेत आलेच नाही. कर्करोग आणि दुर्मीळ रोगांवरचे काम या निर्णयातून वगळले असे सांगण्यात आले. पण संशोधक, यंत्रे आणि स्निग्ध कणांचे ज्ञान दोन्हीकडे एकच असल्याने एका बाजूचा पैसा आटला की दुसरीही सुकते. क्रिग्लर-नज्जरच्या अपयशातून शिकलेले लोक लशीकडे वळले, आणि लशीच्या यशातून आलेल्या पैशाने ते पुन्हा यकृताकडे आले, हे मागची दहा वर्षे सांगतात.

फिलाडेल्फियाच्या बाळाच्या औषधात पाकीट आणि दुरुस्तीचे विकर दोन्ही पुढच्या बाळालाही चालतील. बदलायचा तो फक्त विकराला चुकलेल्या अक्षरापाशी नेणारा आरएनएचा छोटा तुकडा. यकृतातल्या अमोनिया निकामी करणाऱ्या त्याच साखळीतल्या वेगळ्या बिघाडाचे दुसरे बाळ आले, तर ते औषध नवे धरून सगळ्या तपासण्या पहिल्यापासून कराव्यात, की फ्लूच्या लशीत दरवर्षी विषाणूचा प्रकार बदलतो तसा हा बदल मानावा, यावर अमेरिकेतले नियामक आणि मुसुनुरु यांच्यासारखे डॉक्टर आता चर्चा करत आहेत. अशा बाळांकडे वाट पाहायला काही आठवडेच असतात.